मोरा बंदर आणि परिषदेचे पाहुणे

विद्वानांची परिषद भरली म्हणजे तिचा क्रम बहुधा ठरलेला असतो. पहिल्या दिवशीं स्वागताचें आणि अध्यक्षीय भाषण, पुढें दोन दिवस निबंधवाचन व चर्चा, आणि कार्यक्रमपत्रिकेच्या अगदीं तळाशीं, बारीक टाइपांत, पाहुण्यांच्या सहलीची एक ओळ. निबंध यथाकाल छापले जातात व ग्रंथालयाच्या कपाटांत स्थिरावतात. सहलीचा वृत्तांत मात्र सहसा कोणी लिहीत नाहीं. ती एक करमणूक, श्रमपरिहाराचा एक उपचार, अशीच तिची गणना होते. परंतु परिषद जर सृष्टिशास्त्राची, पक्ष्यांची किंवा पाणथळ जागांची असेल, तर त्या बारीक ओळीचें मोल निराळें ठरतें. तीन दिवस ज्याच्याविषयीं बोलणें झालें, तें प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्याची वेळ तीच असते. मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर, मोरा बंदराच्या आसपास, ह्या पाहण्याचा जो इतिहास घडला आहे, तो श्रोत्यांनीं थोडा निवांतपणें ऐकावा असा आहे.

मोरा हें उरणचें बंदर. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच बंदरांतील मोठमोठ्या जहाजांमधून वाट काढीत पलीकडे येते, तेव्हां एका बाजूस घारापुरीचें बेट दिसतें आणि समोर उरणचा किनारा व त्यामागें द्रोणागिरीचा डोंगर उभा राहतो. उरणला पूर्वीं करंजा बेट म्हणत. पोर्तुगीजांच्या हातून तें वसईच्या मोहिमेच्या काळांत मराठ्यांकडे आलें, आणि १७७४ सालीं साष्टीबरोबर इंग्रजांनीं घेतलें. पुढें १७८२ च्या सालबाईच्या तहानें तें त्यांच्याकडेच राहिलें. बेट हा शब्द आतां केवळ इतिहासाचा राहिला आहे; भरावानें आणि बांधांनीं तें केव्हांच मुख्य भूमीला जोडलें गेलें. परंतु मोरा बंदरावर अद्यापि खरी सत्ता समुद्राचीच. ओहोटी लागली कीं धक्क्यापुढील गाळ उघडा पडतो आणि लाँचचा खोळंबा होतो. उतारू त्रासतात, मात्र त्याच उघड्या गाळावर नेमक्या त्याच वेळीं दुसऱ्या उतारूंची पंगत बसलेली असते. ते उतारू म्हणजे पांखरें.

ह्या किनाऱ्याकडे शास्त्रीय दृष्टीनें पाहणाऱ्या पहिल्या मंडळींपैकीं एक गृहस्थ मिठाच्या खात्यांत नोकरीला होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन ह्याचा जन्म १८५१ सालीं साताऱ्यास झाला. कांहीं वर्षें त्यानें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत लॅटिन शिकविलें आणि १८७६ सालीं तो मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यांत शिरला. खाराघोडा, उरण, कारवारकडील मुलूख, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, अशा ठिकाणीं त्याची नोकरी झाली. मिठागरांवर देखरेख करणाऱ्या अंमलदाराला दिवसाचे दिवस बांधांवरून हिंडावें लागे. कोंडीत पाणी कधीं घेतलें, कोणत्या वाफ्यांत मीठ धरलें, रास किती झाली, हें पाहतांपाहतां त्या वाफ्यांच्या कडेनें चालणारे शेकाटे, चिखल्या आणि बगळे ह्यांच्याकडे ज्याचें लक्ष जाणार नाहीं असा मनुष्य विरळा. आणि एटकेनचें लक्ष तर जन्मतःच तिकडे होतें. इ. एच्. ए. ह्या आद्याक्षरांनीं त्यानें लिहिलेलीं विनोदी व सूक्ष्म अवलोकनाचीं पुस्तकें पुढें फार लोकप्रिय झालीं.

हाच एटकेन १५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईस बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांपैकीं एक होता. त्या आठांत दोन नांवें आपल्या मंडळींचीं आहेत. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, १८६७ सालच्या प्रार्थनासमाजाच्या संस्थापकांपैकीं अग्रणी, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र ह्या दोहोंत निष्णात. परस्परांचे अनुभव सांगावे आणि जमविलेले नमुने एकमेकांस दाखवावे, एवढाच आरंभीं त्या सभेचा उद्देश होता. १८८६ सालीं तिचें नियतकालिक सुरू झालें. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावरील सृष्टीचें ज्ञान हें प्रथमपासूनच कोणीतरी दाखवावें आणि दुसऱ्यानें पाहावें, अशा देवघेवीनें वाढलें.

परंतु त्या काळचें पाहणें बंदुकीचें होतें. पक्षी ओळखावयाचा म्हणजे तो पाडावयाचा, त्याचें कातडें काढून त्यांत कापूस भरावयाचा, आणि चिठ्ठी बांधून तो पेटींत ठेवावयाचा. आज हें क्रूर वाटतें. पण चांगली दुर्बीण आणि सचित्र पुस्तकें हातीं नसतांना जातींचा निश्चय करण्यास दुसरा मार्ग नव्हता, हेंही न्यायानें मान्य केलें पाहिजे. सलीम अली ह्यांचा त्या सोसायटीशीं पहिला संबंध जुळला तो १९०८ सालीं, आणि तोही मारलेल्या एका पीतकंठ चिमणीच्या निमित्तानेंच. बारा वर्षांचा मुलगा मेलेली चिमणी घेऊन तिचें नांव विचारावयास जातो, आणि तेथील चिटणीस मिलर्ड त्याला भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवितो. दाखविणाऱ्याच्या सौजन्यानें एका आयुष्याची दिशा ठरली.

पुढें तोच मुलगा स्वतः दाखविणारा झाला. १९२६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या सृष्टिशास्त्र विभागांत सलीम अलींची नेमणूक झाली, आणि त्यांच्या हुद्द्याचें नांव गाइड लेक्चरर असें होतें. म्हणजे वाटाड्याही आणि व्याख्याताही. हा जोडशब्द मोठा अर्थपूर्ण आहे. नुसता व्याख्याता दिवाणखान्यांत बोलतो. नुसता वाटाड्या रस्ता दाखवितो आणि पैसे घेतो. दोन्ही कामें एकाच्या ठायीं येतात, तेव्हां पाहुणा बघ्या न राहतां शिष्य होतो. जर्मनींत शिकून सलीम अली परत आले तों ती जागाच काटकसरींत गेली होती. नोकरी नाहीं म्हणून ते धरमतर खाडीच्या पलीकडे किहीमला जाऊन राहिले, आणि १९३० सालच्या पावसाळ्यांत तेथल्या झाडावर टांगलेल्या सुगरणीच्या घरट्यांसमोर शिडीवर बसून त्यांनीं तिच्या संसाराचा अभ्यास केला. तेथें बंदुकीचें काम नव्हतें. डोळे, वही आणि धीर, एवढ्या सामग्रीवर जें नवें ज्ञान हातीं आलें, त्यानें त्यांचें नांव जगभर झालें. १९४१ सालीं त्यांचें भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघालें आणि पक्षी ओळखण्याचें साधन सामान्य वाचकाच्या पिशवींत आलें. सहलीला बंदुकीऐवजीं दुर्बीण घेऊन जाण्याची रीत आपल्याकडे रुजली ती अशी.

आतां परिषदांकडे वळूं. भारतीय विज्ञान परिषदेचीं अधिवेशनें मुंबईस १९१९, १९२६ व १९३४ सालीं भरलीं; पुढें १९६० आणि २०१५ सालींही भरलीं. डिसेंबर १९८३ मध्यें सोसायटीच्या शताब्दीनिमित्त मुंबईस आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाला, आणि विकसनशील देशांतील निसर्गरक्षण हा त्याचा विषय होता. त्याच दशकाच्या आरंभीं महाराष्ट्र पक्षिमित्र संमेलनाची परंपरा सुरू झाली. शिक्षक, डॉक्टर, बँकेंतील कारकून, कॉलेजांतील विद्यार्थी असे पक्षिवेडे लोक निरनिराळ्या गांवीं जमतात, आणि भल्या पहांटे गटागटानें तेथील तळ्याकांठीं किंवा खाडीकांठीं जातात. नोव्हेंबर २०१८ मध्यें लोणावळ्यास आशियांतील पाणपक्ष्यांच्या प्रवासमार्गांवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पाणथळ जागांच्या रक्षणाचा जो जागतिक करार आहे, त्याचा जन्मही अशाच एका मेळाव्यांत, २ फेब्रुवारी १९७१ रोजीं, इराणमधील रामसर ह्या समुद्रकांठच्या गांवीं झाला. भारत त्यांत १९८२ सालीं सामील झाला. परिषदांचें काम कागदावर चालतें हें खरें. पण त्या कागदाच्या मागें कोठेंतरी चिखल, पाणी आणि पांखरें असावीं लागतात.

मुंबईस आलेल्या पाहुण्याला तीं कोठें दाखवावयाचीं? शिवडीचा किनारा, ठाण्याची खाडी, आणि उरणच्या बाजूस पाणजे, भेंडखळ, बेलपाडा इत्यादि गांवांजवळील पाणथळी, हीं त्यांचीं मुख्य ठिकाणें. परंतु स्थळ ठरविलें म्हणजे सहल ठरली असें नव्हे. सभेचे चालक रविवार पाहतात. समुद्र तिथि पाहतो. कोंकणांत पोरासोरांनाही ठाऊक असलेला हिशेब असा आहे कीं, तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे त्या दिवशींच्या भरतीची वेळ निघते. अष्टमीची पाऊणपट सहा. म्हणून अष्टमीला भरती सुमारें सहा वाजतां. पौर्णिमेची किंवा अमावास्येची पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून त्या दिवशीं भरती दुपारच्या सुमारास, आणि पहांटे साडेपांचाच्या आगेंमागें ओहोटी. हिशेब स्थूल आहे, पण नाखव्याचें काम त्यावर चालत आलें आहे.

आतां पाहुण्यांना अष्टमीच्या दिवशीं दहा वाजतां किनाऱ्यावर आणून उभें केलें तर काय होईल? पाणी दूर हटत गेलेलें, चिखलाचा पट्टा दूरवर पसरलेला, आणि त्याच्या पार टोकाशीं हलणारे कांहीं ठिपके. पाहुणा सौजन्यानें मान डोलावील आणि घड्याळाकडे पाहील. तोच पौर्णिमेच्या सकाळीं सात वाजतां आला, तर चढतें पाणी पांखरांना हातभर मागें लोटीत, त्यांना चरतांचरतां बांधाच्या अगदीं जवळ आणून सोडतें. मग एकेकाची चोंच, एकेकाचे पाय आणि चालण्याची तऱ्हा निरखतां येते. शेकाटे आपल्या लाल काटक्यांवर तोल सांवरीत उभे असतात. पाणटिवळा लांब चोंच मुळापर्यंत चिखलांत खुपसतो. तुतवार शेंपूट हलवीत पाण्याच्या कडेकडेनें धांवतो. भरती पुरती चढली कीं खाडीतील सगळा चिखल पाण्याखालीं जातो आणि हे थवे उठून आंतल्या बाजूच्या मिठागरांत व पाणथळींत विसांव्याला येतात. खाडी हें त्यांचें शेत. उरणकडील ह्या उथळ जागा हें त्यांचें अंगण. शेत राखलें आणि अंगण मोडलें, तर कुटुंब टिकत नाहीं. सहलींत समजून घेण्याची मुख्य गोष्ट हीच आहे.

त्या थव्यांत टिलवा नांवाचा एक पक्षी असतो. चिमणीएवढा जीव, वजन वीस-तीस ग्रॅम. उन्हाळ्यांत तो उत्तर ध्रुवाकडच्या सैबेरियांत अंडीं घालतो आणि हिंवाळा काढण्यास हजारों कोस उडून आपल्या किनाऱ्यावर येतो. परदेशांतून आलेला एखादा पाहुणा विमानानें रात्रींत येतो आणि प्रवासाच्या शिणाची तक्रार करतो. त्याला हा टिलवा दाखविला म्हणजे तो क्षणभर गप्प होतो. रोहित पक्ष्यांची गोष्ट आणखी वेगळी. सलीम अलींनीं १९४५ सालीं कच्छच्या रणांत त्यांची अफाट वसाहत पाहिली होती. मुंबईच्या खाडींत मात्र त्यांचे मोठे थवे १९९० नंतर दिसूं लागले. २०१९ सालच्या गणनेंत ते एक लाखाहून अधिक भरले. त्यांचा गुलाबी रंग जन्मजात नसून शेवाळासारख्या खाद्यांतून येतो, हें ऐकून लहान मुलांइतकेंच आचार्यांनाही नवल वाटतें.

परंतु ह्या मनोहर चित्रांत एक माणूस बहुधा दिसत नाहीं. पाहुण्याला होडींत हात देऊन चढविणारा कोळी, आणि ज्याच्या मिठागराच्या बांधावर उभें राहून पाहुणा दुर्बीण लावतो तो आगरी, हे दोघे चित्राच्या चौकटीबाहेर राहतात. वास्तविक ह्या उथळ जागा कोणीं घडविल्या? खाजणांत बांध घालणें, त्या बांधाला उघाडी ठेवणें, भरतीचें पाणी हवें तेवढें आंत घेणें आणि ओहोटीला नको तेवढें बाहेर सोडणें, ही विद्या त्यांची. उघाडीच्या दारावर मीठ अवलंबून, भात अवलंबून, आंत येणारा जिताडा आणि निवटी अवलंबून. आणि कोणाच्या मनांत नसतांही, टिलव्याची वस्ती अवलंबून. पक्षी येथें आले ते मनुष्य नव्हता म्हणून नव्हे. ज्या रीतीनें मनुष्य येथें राबत होता ती रीत त्यांना सोसवली म्हणून.

ती रीत पाहतांपाहतां बदलली. १९७० सालीं नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडको स्थापन झाली आणि उरणकडील गांवांच्या जमिनी त्या योजनेंत आल्या. जानेवारी १९८४ मध्यें भूमिपुत्रांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पांच जणांचे प्राण गेले. १९८९ सालीं न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें. देशाच्या व्यापाराला त्याचा मोठा लाभ झाला हें नाकारतां येणार नाहीं. पण भराव ज्या खाडींत पडला ती कोणाचें तरी शेत होती. २७ फेब्रुवारी २०१५ रोजीं राष्ट्रीय हरित लवादानें उरणकडील चार कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना मासेमारीच्या नुकसानीबद्दल ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. त्याच २०१५ सालीं ठाणे खाडीचा सुमारें १७ चौरस किलोमीटर भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं त्या खाडीचें नांव रामसर यादींत गेलें. एकाच वर्षीं एका बाजूस पांखरांना आश्रय आणि दुसऱ्या बाजूस माणसांना भरपाई! दोन्ही कागद शेजारींशेजारीं ठेवून वाचले म्हणजे त्या किनाऱ्याची हकीकत पुरी होते. एकच वाचला तर ती अर्धीच राहते.

अभयारण्य झालें आणि ऐरोलीस माहिती-केंद्र निघालें. तेथून भरतीची वेळ पाहून होड्या निघतात आणि वाटाडे पक्ष्यांचीं नांवें सांगतात. ही व्यवस्था चांगलीच म्हटली पाहिजे. परंतु अभयारण्याची हद्द माणसानें नकाशावर ओढली. पांखरांना ती कोणी कळविलेली नाहीं. भरतीच्या वेळीं तीं हद्दीबाहेर, पाणजेसारख्या जागीं विसांव्याला जातात, आणि तेथें भरतीचें पाणी येण्याच्या वाटा बंद झाल्याच्या तक्रारी पुनःपुन्हा झाल्या. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलें. पाणथळ बुजविण्यास नेहमीं डोंगरभर मातीच लागते असें नाहीं. एक उघाडी बंद ठेवली तरी पुरतें. पाणी आंत येत नाहीं, चिखल वाळतो, किडे मरतात, आणि पुढच्या हिंवाळ्यांत आलेला थवा एक फेरी घालून निघून जातो. मग कोणीही सहज म्हणूं शकतो, कीं येथें पाणथळ नव्हतीच.

अशा वेळीं त्या बारीक टाइपांतल्या सहलीचें खरें मोल कळतें. किनाऱ्यावर येऊन गेलेला पाहुणा वहींत दिवस, तिथि, भरतीची वेळ, जागा, आणि पाहिलेल्या जातींची व संख्येची नोंद करतो. तो दुसऱ्या गांवचा, कित्येकदां दुसऱ्या देशाचा. ना त्याची तेथें जमीन, ना त्याचा तेथें व्यापार. म्हणून त्याची नोंद ही निःपक्षपाती साक्ष ठरते. अमुक सालीं, अमुक दिवशीं, येथें पाणी होतें आणि पांखरें होतीं, असें ती सांगते. एटकेन आणि त्याचे सोबती जे कागद मागें ठेवून गेले, त्यांच्यामुळेंच शंभर-सवाशें वर्षांपूर्वींचा किनारा आज आपल्याला कळतो. आजच्या पाहुण्याची वही हा उद्यांचा पुरावा आहे; फक्त ती वही छायाचित्रांच्या गर्दींत हरवूं नये.

१२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडीपासून न्हावा-शेव्याकडे जाणाऱ्या सुमारें २२ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूचें उद्घाटन झालें, आणि त्याच दिवशीं उरणपर्यंतची रेल्वेही सुरू झाली. ज्या किनाऱ्याला यावयास भरतीची वाट पाहावी लागे, तेथें आतां पाहुणा मोटारींतून अर्ध्या तासाच्या आंत पोंचतो. वाट सोपी झाली. पण पोंचल्यावर पाहावयाचें काय उरेल, हा प्रश्न पुलानें सोडविलेला नाहीं. म्हणून जाणता वाटाड्या पाहुण्यांना प्रथम रोहित पक्ष्यांकडे नेत नाहीं. तो त्यांना बांधावरून चालवीत उघाडीपाशीं आणतो, गांवांतल्या एखाद्या म्हाताऱ्या नाखव्याला पुढें करतो आणि भरती केव्हां यावयाची तें त्याच्याच तोंडून सांगवितो. नाखवा बोटांवर तिथि मोजतो, पाऊणपट करतो आणि वेळ सांगतो. मग सगळे, आचार्य आणि विद्यार्थी, देशी आणि विदेशी, त्या दाराकडे पाहत उभे राहतात. वेळ झाली, दार मोकळें असलें, तर फटींतून पाण्याची पहिली रेघ आंत सरकते. तिच्या मागोमाग दूरवरून पंखांचा आवाज येऊं लागतो, आणि तेव्हां दुर्बीण डोळ्यांस लावावयाची असते.